तिसऱ्या वळणावर तू काढलेलं प्रश्नचिन्ह

पमा,

तुझी टोपी अजून तुझ्या सुमनवहिनींच्या पडवीत खिळ्याला लटकते आहे, तुझ्या वडिलांच्या, अण्णांच्या टोपीशेजारी. अण्णांची पांढरी, सुती, कडेला घामाने पिवळी पडलेली. तुझी निळी, जाळीची, मागे वायरींचा झुपका असलेली. विद्यापीठातून तुझं सामान न्यायला मुलं आली होती. त्यांनी यादीप्रमाणे एकेक वस्तू नेली, ही तेवढी राहिली. वहिनी म्हणाल्या, "राहू दे हो भावजी. कुणी विचारलं तर देऊ." कुणी विचारलं नाही. तुला जाऊन सव्वा महिना झाला.

आपल्या शाळेच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून दे, असा निरोप आला. तुझ्या पदव्या, तुझे मानसन्मान कुणीतरी लिहीलच. मला ते नीट क्रमाने आठवतही नाहीत. मला तुझ्याशी एक गोष्ट बोलायची होती, ती तू असताना बोललो नाही. आता बोलतो आहे, आणि ती चारचौघांत छापून येणार आहे. हीच माझी शिक्षा समज.

आधी होडीपासून सुरू करतो. आपण पाचवीत होतो. मी मास्तरांचा मुलगा, वरच्या रस्त्यावर राहणारा. तू खालच्या वाडीतली. सुट्टीच्या दिवशी अण्णा आपल्याला होडीत घालून मांडवी बंदराच्या बाहेर थोडंसं नेत आणि वल्हं आत घेऊन म्हणत, "डोळं मिटा. आता मी होडी फिरवतो. थांबलो की सांगायचं, आपली वाडी कुठल्या अंगाला." मी दर वेळी बोट दाखवायचो ते थेट अरबस्तानाकडे. तू दर वेळी बरोबर. अण्णा हसायचे. "मास्तरांचा पोर वर्गात पयला येतो नि घर सापडत नाय!" तू डोळे किलकिले करून बघतेस, असा माझा आरोप होता. एकदा मी माझा रुमाल तुझ्या डोळ्यांवर बांधला, दोन गाठी मारून. तरीही तुझं बोट वाडीकडे. मी चिडून रडायच्या बेताला आलो, तेव्हा अण्णांनी मला जवळ ओढलं आणि म्हणाले, "आरे, डोळ्यांचं हितं काय काम? वारा कुठल्या गालाला लागतो, ते बग."

पमा, हे वाक्य आपण दोघंही विसरलो. मी नकाशे काढायला शिकलो. तू मेंदू शिकलीस. आपल्याला सांगणारा माणूस मात्र होडी विकेपर्यंत त्याच गालाच्या भरवशावर घरी येत राहिला.

मधली वर्षं आपण गणपतीत आणि लग्नकार्यांत भेटत राहिलो. तू प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूत काय चालतं ते बघायचीस, मी इथे घरांचे, गटारांचे, बागांचे आराखडे काढायचो. एकदा आरे-वारेच्या रस्त्यावर गाडी थांबवून आपण खाली समुद्राकडे बघत बसलो होतो. तू पर्समधून काडेपेटी काढलीस. तिच्यात कापसावर ठेवलेला एक वाळका समुद्रघोडा होता, अण्णांच्या जाळ्यात कधीतरी आलेला. म्हणालीस, "आपल्या डोक्यात, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, ह्याच आकाराचं काहीतरी आहे. वाट तिथे राहते." मग सांगितलंस की त्या भागात अशा पेशी असतात ज्या एखाद्या ठरावीक जागी गेल्यावरच जाग्या होतात. दुसऱ्या जागी दुसऱ्या. उंदीर कोपऱ्यातून कोपऱ्यात जातो तसतशा एकामागून एक. "तुमच्या पडवीतल्या झोपाळ्यासाठीसुद्धा तुझ्या डोक्यात कोणीतरी बसलेलं आहे. तू तिथे गेलास की ते उठतं."

"आणि झोपाळा काढला तर?" मी विचारलं.

"तेच तर मला बघायचंय," तू म्हणालीस.

मी तेव्हा गाडी सुरू केली, ते न कळल्यामुळे नव्हे. आपण ज्या घरांतून उठून आलो ती पाडली, विकली, रंगवली. पण आपल्या डोक्यात कुणीतरी अजून त्यांची राखण करत बसलंय, हे ऐकल्यावर मला देवळात गेल्यासारखं वाटलं होतं. तुला सांगितलं नाही. तू चेष्टा केली असतीस.

सेहेचाळिसाव्या वर्षी तू पुन्हा विद्यार्थिनी झालीस. नगररचनेच्या वर्गात, निम्म्या वयाच्या पोरांबरोबर. मी हसलो. "आता म्हातारपणी कसले नकाशे काढतेस?" तू फोनवर जे उत्तर दिलंस ते मी अजून गिळू शकलेलो नाही. "आम्ही उंदरांना चक्रव्यूहात सोडतो आणि त्यांचं काय होतं ते बघतो. तुम्ही माणसांना सोडता, आणि बघतसुद्धा नाही."

तुझं काम दोन विभागांच्या मधलं. मेंदूवाले म्हणायचे, ही नगररचनेची बाई. नगररचनावाले म्हणायचे, ही मेंदूची बाई. "दोन घरचा पाहुणा उपाशी," असं तूच म्हणायचीस, आणि हसायचीस. प्रश्न मात्र सरळ होता. वय झालेली, विसरायला लागलेली माणसं रोजच्या वाटेने घरी कशी पोचतात? त्या वाटेत काय असतं, जे आपण काढून घेता कामा नये? हे शोधायला तू जगातली कुठलीही जागा निवडू शकली असतीस. निवडलीस आपली पाखाडी.

वाचणाऱ्यांपैकी जे रत्नागिरीबाहेरचे असतील त्यांच्यासाठी सांगतो. वरच्या रस्त्यावरून खालच्या वाडीत उतरणारी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, ती पाखाडी. आपली अरुंद आहे, दोन्ही बाजूंना घरं आणि गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. ती चार वळणं घेते. तिसऱ्या वळणावर डावीकडे वळलं की अण्णांचं घर. न वळता सरळ उतरत गेलं की खडक आणि समुद्र.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात तू वाडीतल्या म्हाताऱ्यांना ती निळी टोपी घालून पाखाडीवरून चालवलंस. मेंदूतल्या हालचाली ती टोपी टिपायची आणि तुझ्या पाठीवरच्या पिशवीतल्या यंत्रात साठवायची. पहिल्या दिवशी मी पावलं मोजायला मदतीला होतो. मासे विकून परतणाऱ्या मावशीला तू टोपी घातलीस तेव्हा तिने विचारलं, "ह्याच्यावर पाटी ठेवू काय गो?"

"आज पाटी नको, मावशी. आज नुसतं डोकं."

"नुसत्या डोक्यान् मी कवा चालल्ये?" मावशी म्हणाली. "पाटी नसली की माजा तोल जातो."

आणि खरंच, ती पहिल्या पायरीवर अडखळली. तू लगेच पाटी तिच्या हातात दिलीस, तिने ती कडेवर घेतली आणि भरभर उतरली. रात्रीच्या बसने पुण्याला परत जायचं होतं तरी तू पायरीवर बसून वहीत ते सगळं लिहीत राहिलीस. मी म्हटलं, "एवढं काय त्यात?" तू मान वर न करता म्हणालीस, "हिचं वजनसुद्धा हिच्या नकाशात आहे, कळतंय का तुला?"

अण्णांची पाळी सगळ्यांत शेवटी आली. त्यांना तोवर नावं आठवेनाशी झाली होती. वहिनींना ते तुझ्या आईच्या नावाने हाक मारायचे. दुपारी चार वाजता मात्र वर देवळाच्या पारावर जायचे, तासभर बसायचे आणि एकटे परत यायचे. रोज. टोपी घालताना तुला म्हणाले, "बाय, डॉक्टर झालीस काय तू?" तू म्हणालीस, "होय अण्णा." ते म्हणाले, "मग ही टोपी नाय बरी दिसत. डॉक्टरानं हॅट घालावी." आपण तिघंही हसलो, आणि ते पुढे निघाले. मी मागून चालत होतो. नाव विसरलेला, वार विसरलेला माणूस पायरीमागून पायरी उतरत होता आणि त्याचं शरीर कुठेही चुकत नव्हतं. तिसऱ्या वळणावर एक क्षण थांबले, मान थोडी तिरपी केली आणि डावीकडे वळले. मी तुझ्याकडे बघितलं. तुझे डोळे भरले होते. "बघ," तू पुटपुटलीस. "बघ रे, काय यंत्र आहे."

डिसेंबरात तू मोठा कागद घेऊन माझ्या ऑफिसात आलीस. पाखाडीचा माझाच नकाशा, त्याच्यावर तुझ्या रंगीत रेषा. प्रत्येक माणसाची एक. सगळ्या रेषा तिसऱ्या वळणावर उसळल्या होत्या. तिथे तू पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं होतंस, चांगलं बोटभर.

"इथे काहीतरी होतं. काय होतं ते मला अजून सापडलेलं नाही. इथे डोळ्यांना दिसण्यासारखी एकही खूण नाही. देऊळ नाही, विहीर नाही. दोन घरांच्या मधली ती बोळकांडी, बस."

"तिथे कचरा टाकतात लोक," मी म्हटलं.

"टाकू देत. माझं होईपर्यंत ह्या वळणाला हात लावू नको. कबूल?"

"कबूल."

आपला वाद त्याच दिवशी सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही. तुझं म्हणणं, माणूस डोळ्यांनी वाट धरतो, खुणा जपा. माझं म्हणणं, माणूस पायांनी वाट धरतो. पायऱ्या सारख्या करा म्हणजे कोणी पडणार नाही. तू मला "पेव्हर ब्लॉकवाला" म्हणालीस. मी तुला "उंदीरवाली" म्हणालो. दोघंही चुकत होतो, पमा.

मागच्या उन्हाळ्यात पाखाडीच्या सुशोभीकरणाचं काम माझ्याकडे आलं. तुझं ऐकून मी पायऱ्या तशाच ठेवल्या. तुटकी पायरीसुद्धा ठेवली. विहिरीचा काठ, चाफा, गडग्यांची उंची, सगळं तुझ्या कागदाप्रमाणे. मग एक दिवस बैठकीत कोणीतरी म्हणालं, "तिसऱ्या वळणाला तो कचरा दिसतो, तिथे भिंत घाला, चित्रं काढू, पर्यटक फोटो काढतील." मी हरकत घ्यायला तोंड उघडलं. पण सांगणार काय? की पुण्याच्या बाईने तिथे प्रश्नचिन्ह काढलंय? मला वाटलं, लोक हसतील. मला वाटलं, भिंतीने काय होणार आहे, एक खूण वाढेलच उलट, तुझ्याच म्हणण्याप्रमाणे. ती रेघ मी टेबलाशी बसून, चहा निवायच्या आत ओढली. बोळकांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बंद. कागदावर दोन घरांच्या मध्ये पांढरी जागा होती. पांढरी जागा म्हणजे काही नाही, असं मी आयुष्यभर समजत आलो.

जूनमध्ये तू आलीस. भिंतीवर मोठा डॉल्फिन रंगवला होता, दात विचकणारा. तू आधी हसलीस. मग थांबलीस. "हे इथे? मी सांगितलं होतं ना तुला?"

आणि मी म्हणालो, "मला कुणी विचारलं नाही गो. कंत्राटदाराने परस्पर घातली."

मी हे वाक्य इथे जसंच्या तसं लिहितो आहे, कारण ते मला पुसायचं नाही. ती भिंत माझी. रेघ माझी. कंत्राटदाराने मी दिलं तेच बांधलं. तू माझ्या तोंडाकडे बघून लगेच विश्वास ठेवलास. "झालं ते झालं," म्हणालीस. "भिंत काही नाहीशी होत नाही, दिसते तरी. बघू काय होतं."

पावसाळाभर अण्णा घराबाहेर पडले नाहीत. गणपती झाले, उघाड पडली, ते पुन्हा पारावर जायला लागले, आणि चुकायला लागले. एकदा खालच्या घरात जाऊन बसले. एकदा चौथ्या वळणावर उभेच राहिले. तू पुन्हा त्यांना आणि बाकीच्या म्हाताऱ्यांना टोपी घालून चालवलंस आणि मला फोन केलास. आवाज बसला होता. "उतरण लागली रे. आजार वाढला." डॉक्टर बदललेस, गोळ्या वाढवल्यास. मार्गशीर्षात एके दिवशी ते खडकांवर सापडले, गुडघाभर पाण्यात, भरती चढत असताना. त्यानंतर तू दाराला बाहेरून कडी लावायचं ठरवलंस.

कडी बसवायला सुतार मी पाठवला.

जानेवारीत मी अण्णांना भेटायला गेलो. ते खिडकीशी बसून होते, गजांना धरून. सुमनवहिनी पायरीवर कपडे पिळत होत्या. त्या देवरूखच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा बांगडा कुठला नि पेडवा कुठला कळायचं नाही म्हणून वाडीने त्यांची केवढी थट्टा केली होती. त्या सहज म्हणाल्या, "भावजी, तुमची भिंत झाल्यापासून माझे कपडे सुकत नाहीत हो. आधी ह्या कोपऱ्यावर दोरी बांधली की तासात वाळायचे. आता दोन दोन दिवस ओले."

मी उठलो आणि वळणावर गेलो. साडेचार वाजले असतील. वर पारावर पिंपळाची पानं सळसळताना ऐकू येत होती. खाली माडांच्या झावळ्या हलत होत्या. आणि तिसऱ्या वळणावर, त्या दात विचकणाऱ्या डॉल्फिनसमोर, पानसुद्धा हलत नव्हतं. मी डोळे मिटले. माझ्या उजव्या गालाला काहीही लागत नव्हतं.

बोळकांडीतून समुद्राचा वारा यायचा, पमा. उतरताना उजव्या गालाला वारा लागला की डावीकडे वळायचं. एवढंच होतं ते. तुझ्या प्रश्नचिन्हाचं उत्तर. आपल्या दोघांनाही ते पाचवीत सांगून झालं होतं, आणि सांगणारा माणूस कडीच्या आत बसला होता.

मला त्या क्षणी काय वाटलं हे सांगितलं तर लोकांना विचित्र वाटेल. लाज नंतर आली. आधी थरकाप झाला, मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात होतो तसा. स्वतःच्या सुनेचं नाव विसरलेल्या माणसाच्या आत कुणीतरी अजून वाऱ्याची वाट बघत थांबलेलं होतं. रोज चार-पाचच्या सुमाराला. आणि मी त्याच्यासमोर वीट लावली होती.

मी तुला त्याच संध्याकाळी फोन करायला हवा होता. केला नाही. आधी स्वतःशी खात्री करून घेतो, म्हणालो. मग म्हणालो, समक्ष सांगतो. मग तू आजारी असल्याचं कळलं.

फेब्रुवारीत पुण्याला तुझ्या खाटेशी आलो ते हे सांगायला. गाडीत सगळी वाक्यं जुळवली होती. तू इतकी बारीक झाली होतीस की मी क्षणभर दुसऱ्याच खाटेकडे वळलो होतो. तू हसलीस. "वाट चुकलास ना? अण्णांना सांगते." थोड्या वेळाने भिंतीकडे बघत म्हणालीस, "मी जन्मभर वाटा शिकले रे, आणि बापाला कडी लावली."

तेव्हा बोलायचं होतं. तेच एक वाक्य पुरे होतं: आजार वाढला नाही पमा, वारा अडला. तू कदाचित मला शिव्या घातल्या असतीस. कदाचित उठून बसली असतीस, वही मागितली असतीस. मी काय केलं? मी तुझा हात थोपटला आणि म्हणालो, "यंदा मोहोर चांगला आहे." तू डोळे मिटलेस. शिमगा झाला आणि आठ दिवसांत तू गेलीस, तुझ्या डोक्यात ती कडी घेऊन.

यासाठी मला क्षमा मागता येत नाही. मागायला समोर कुणी नाही.

तुझ्याबरोबर काम करणाऱ्या इरावतीचा फोन आला तो तेराव्यानंतर. पोर हुशार आहे, तुझ्यासारखी तुटक बोलते. म्हणाली, "काका, मॅडमचा अहवाल मी पुरा करतेय. मॅडमच्या वडिलांचा, अण्णांचा भाग एवढाच लिहायचाय. गणपतीनंतर स्मृती वेगाने घसरली, असं मॅडमनी लिहून ठेवलंय. तसंच ठेवू ना?"

मी "ठेव" म्हटलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. तुझं शेवटचं काम चुकीचं झालं असतं, अण्णा कडीत राहिले असते आणि माझं नाव स्वच्छ. मी खुर्चीवरून उठलो. उभं राहिल्याशिवाय बोलता येणार नाही असं वाटलं. "ठेवू नको," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. भिंत, रेघ, जूनमधलं खोटं, कपडे, फेब्रुवारी. तिने सगळं लिहून घेतलं. नंतर म्हणाली, "हे मला लेखी द्याल? तुमच्या सहीने?" मी दिलं. दोन दिवसांनी तिने कळवलं की भिंतीनंतरच्या नोंदी तिने पुन्हा काढून बघितल्या. तिसऱ्या वळणावर बाकीच्या म्हाताऱ्यांचीही पावलं अडखळलेली होती, चांगली स्मरणशक्ती असलेल्यांचीसुद्धा. एखादंच पाऊल. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. "अण्णांचा आजार आहेच, काका," तिने लिहिलं होतं. "पण किती आजाराचं आणि किती भिंतीचं, हे आता वेगळं करता येईल. मॅडमना हेच तर हवं होतं."

मग वहिनींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सांगत असताना त्यांचा हात थांबला नाही. संपल्यावर सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "आमच्या पमावन्संनी किती त्रास करून घेतला, माहितीये तुम्हाला? कडी लावली त्या दिवशी जेवल्या नाहीत."

"माहितीये."

"नाही माहिती. तुम्ही सुतार पाठवून घरी गेलात." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "आता इथे बसून रडणार आहात की भिंत पाडणार आहात?"

भिंत माझी नव्हे, सार्वजनिक. मी नवा आराखडा काढला, सोबत पत्र जोडलं की मूळ आराखड्यात माझी चूक झाली. वाडीतले चार लोक म्हणाले, चित्रं फुकट जातील. शेवटी ठरलं, पूर्ण पाडायची नाही, जुन्या बोळकांडीएवढी फट ठेवायची, आणि डॉल्फिन वाचवायचा. शेपटी गेली त्याची. दात राहिले. गवंड्याने सकाळी काम सुरू केलं आणि पहिल्या चार विटा निघाल्या तशी धूळ आपोआप आमच्या अंगावर आली. गवंडी म्हणाला, "साहेब, वारा आहे हो इकडून."

परवा दुपारी वहिनींनी दार उघडलं आणि अण्णांना पारापर्यंत नेलं. तासाने त्यांना म्हटलं, "चला अण्णा, घरी." आणि आम्ही दोघंही मागे राहिलो. वहिनींनी माझ्या सदऱ्याची बाही धरून ठेवली होती, मी पुढे धावू नये म्हणून. पहिलं वळण. दुसरं. तुटक्या पायरीवर पाय नेमका मधोमध. तिसऱ्या वळणावर ते थांबले. खूप वेळ थांबले. इतका की मला वाटलं, उशीर झाला. आत थांबलेलं कुणीतरी कंटाळून निघून गेलं असेल.

मग त्यांनी मान तिरपी केली. उजवा गाल पुढे. त्यांच्या कानामागचे पांढरे केस उडाले.

ते वळून माझ्याकडे बघू लागले. ओळख नव्हती त्या नजरेत, पण माया होती, अनोळखी पाहुण्याला दाखवावी तशी. "तुमी ह्या वाडीतले नाय वाटतं," ते म्हणाले. "सरळ जाऊ नका, खाली पाणी आहे. हितनं वळायचं. या माज्या मागनं."

मी त्यांच्या मागून गेलो, पमा. पन्नास वर्षं त्या वाटेने चाललोय, पण पोचवून दिलं मला ते त्यांनी.

रोज जमेल असं नाही. काल ते वळणावरून पुढे गेले, वहिनींनी हाक मारून आणलं. इरावती म्हणते, होईल तितके दिवस होईल. पण वहिनींनी कडीचे स्क्रू काढले. चौकटीवर चार भोकं राहिली आहेत. मी मेणाने बुजवू का विचारलं तर म्हणाल्या, राहू देत, तुम्हाला दिसत राहतील.

तुझा तो मोठा कागद आता माझ्या टेबलावर आहे. तिसऱ्या वळणावरचं प्रश्नचिन्ह मी पुसलं नाही. त्याच्याशेजारी पेन्सिलीनेच लिहिलं: वारा, उजवा गाल. खाली अण्णांचं नाव घातलं, कारण शोध त्यांचा. मग इरावतीला त्याचा फोटो पाठवला.

परवा घरी पोचल्यावर काय झालं तेवढं सांगतो. अण्णांनी उंबरठ्यावर पाय पुसले, आत वाकून बघितलं आणि मोठ्याने हाक मारली, "पमे, पाव्हणा आलाय गो, वाट चुकला होता. चहा टाक."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मी अण्णांशेजारी बसलो, तुमच्या टोप्यांखाली, आणि म्हटलं, "टाकते म्हणाली, अण्णा."

हे तुझ्या नावावरचं माझं दुसरं खोटं. हेही तुला सांगून ठेवतो.